मोबाईलचं बिल बिटकॉइनमध्ये? मधला सराफ आधी बघा

जानेवारी 2025 मध्ये जिओच्या ब्राउझरमध्ये 'जिओकॉइन' दिसू लागले आणि लगेच चर्चा सुरू झाली की आता रिचार्ज क्रिप्टोने होणार. प्रत्यक्षात जिओकॉइन हे ब्राउझर वापरल्याबद्दल मिळणारं बक्षीस होतं. ते बाजारात विकता येत नव्हतं, दुसऱ्याला पाठवताही येत नव्हतं. पण त्या निमित्ताने निघालेला प्रश्न खोटा नाही. मोबाईल कंपन्यांनी बिलापोटी क्रिप्टो घ्यावं का? अमेरिकेत एका मोठ्या कंपनीने ते करून बसून आता काही वर्षं झाली आहेत, त्यामुळे नुसते अंदाज बांधत बसण्याची गरज नाही.

माझं मत आधीच सांगतो. 'कंपनी क्रिप्टो घेते' हे वाक्य बहुतेक वेळा खरं नसतं. कंपनी घेते ते डॉलर. क्रिप्टो दुसराच कुणीतरी घेतो. हा दुसरा कोण आणि त्याचा खर्च कोणाच्या खिशातून जातो, हे कळलं की बाकीचे वाद बरेचसे मिटतात.

क्रिप्टो म्हणजे काय, कामापुरतं

क्रिप्टोचलन म्हणजे कुठल्याही सरकारने किंवा बँकेने न काढलेलं, फक्त संगणकांच्या जाळ्यावर अस्तित्वात असलेलं नाणं. कोणाकडून कोणाकडे किती नाणी गेली याची नोंद एका सार्वजनिक खातेवहीत होते. त्या वहीला ब्लॉकचेन म्हणतात. तिच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर असतात, म्हणून एकट्याला खाडाखोड करता येत नाही. तुमची नाणी खर्च करण्याची गुप्त किल्ली जिथे राहते ते वॉलेट. किल्ली गेली की नाणी गेली. तक्रार करायला शाखा नाही आणि मॅनेजरही नाही.

त्यातलं सगळ्यात जुनं आणि मोठं नाणं बिटकॉइन. त्याचा भाव बाजार ठरवतो आणि बाजाराचा मूड कसा असतो हे वेगळं सांगायला नको. नोव्हेंबर 2021 मध्ये एक बिटकॉइन जवळपास 69,000 डॉलरला गेलं होतं. पुढच्याच नोव्हेंबरात ते 16,000 च्या खाली होतं.

एटी अँड टीने नक्की काय केलं

23 मे 2019 रोजी एटी अँड टीने जाहीर केलं की ग्राहकांना ऑनलाइन किंवा कंपनीच्या अ‍ॅपमधून क्रिप्टोने बिल भरता येईल. असं करणारी आपण अमेरिकेतली पहिली मोठी मोबाईल कंपनी, असंही कंपनीने सांगितलं. मथळे अर्थातच 'एटी अँड टी आता बिटकॉइन घेणार' असे होते.

बारीक अक्षरात होतं ते असं, की व्यवहार बिटपे नावाच्या कंपनीमार्फत होणार. बिटपे ही 2011 मध्ये सुरू झालेली अटलांटाची कंपनी. ग्राहक बिटपेला नाणी देतो, बिटपे एटी अँड टीला डॉलर देते.

समजा तुम्ही बिल भरायला खिडकीवर गेलात. खिशात रोख नाही, बोटात सोन्याची अंगठी आहे. खिडकीवरचा कारकून अंगठी घेणार नाही, ती कुठल्या रकान्यात लिहायची हेच त्याला माहीत नाही. म्हणून कंपनीने खिडकीशेजारी एक सराफ बसवला. तो अंगठी तोलतो, आजचा भाव सांगतो, आपलं कमिशन कापतो आणि खिडकीत रोख सरकवतो. कारकुनाच्या दृष्टीने बिल रोखीने भरलं गेलं. बाहेर पाटी मात्र लागली, 'येथे सोने स्वीकारले जाते'.

यात फसवणूक नाही. सराफ बसवणं कंपनीला भागच आहे. टॉवरचं वीजबिल, डिझेल, पगार, कर हे सगळं देशाच्या चलनात जातं. आपल्याकडे तर मोबाईल बिलावर 18 टक्के जीएसटी आहे, वर दूरसंचार खात्याला लायसन्स फी आणि स्पेक्ट्रमचे हप्ते. सरकार यातला एक पैसाही बिटकॉइनमध्ये घेत नाही. म्हणजे आलेली नाणी रुपयांत बदलावी लागणारच. ती ताबडतोब बदलायची की सट्टा म्हणून ठेवून द्यायची, एवढाच प्रश्न उरतो, आणि सट्टा खेळणं हे मोबाईल कंपनीचं काम नव्हे.

पंधरा मिनिटांचा भाव

सराफाकडे बिल भरताना पडद्यावर काय दिसतं ते बघा. बिल आहे, समजा, 80 डॉलरचं. बिटपेचं पान सांगतं की इतके इतके बिटकॉइन पाठवा. दशांशचिन्हानंतर आठ आकडे, शेजारी क्यूआर कोड, वर उलटी मोजणी. हा भाव 15 मिनिटं पक्का. तेवढ्या वेळात नाणी निघाली नाहीत तर बिल रद्द आणि नवा भाव. नाण्यांच्या रकमेवर नेटवर्कचं शुल्क वेगळं, आणि ते ठरलेलं नसतं. जाळ्यावर गर्दी असेल त्या दिवशी ते चढतं.

किती चढतं, हे संगणकावरचे खेळ विकणाऱ्या 'स्टीम'ला डिसेंबर 2017 मध्ये कळलं. तेव्हा एका व्यवहाराचं शुल्क 20 डॉलरच्या आसपास गेलं होतं. पाच-दहा डॉलरच्या खेळासाठी वीस डॉलरचं शुल्क! त्याहून वाईट भानगड दुसरीच होती. व्यवहार रेंगाळला आणि तेवढ्यात भाव पडला, तर आलेले पैसे अपुरे ठरायचे. मग एकतर ग्राहकाकडे उरलेले मागा, नाहीतर सगळे परत करा. दोन्हीकडे नाणी पुन्हा पाठवावी लागणार, म्हणजे पुन्हा शुल्क. स्टीमने बिटकॉइन घेणंच बंद केलं. टेस्लाने मार्च 2021 मध्ये बिटकॉइनवर गाडी द्यायला सुरुवात केली आणि मे महिन्यात थांबवलं. त्यांनी कारण वेगळं दिलं, बिटकॉइनच्या संगणकांना लागणाऱ्या विजेसाठी जळणाऱ्या कोळशाचं. पाटी मात्र दोन महिन्यांतच उतरली.

एटी अँड टीच्या बाबतीत असा गाजावाजा झाला नाही. सोय ठेवली, आरडाओरडा केला नाही. एका अर्थाने तेच शहाणपणाचं होतं, कारण धोका सगळा सराफाच्या आणि ग्राहकाच्या अंगावर होता.

मग कंपनीला यात मिळतं काय?

अमेरिकेत एक खरं कारण आहे. तिथे माणसं बिल क्रेडिट कार्डाने भरतात आणि प्रत्येक बिलामागे दुकानदाराला दोन ते तीन टक्के कार्ड कंपन्यांना द्यावे लागतात. बिटपे त्या काळात एक टक्का घ्यायचं. शिवाय कार्डावरचा ग्राहक नंतर बँकेला सांगून पैसे परत मागवू शकतो. क्रिप्टोत तसं होत नाही, नाणी गेली ती गेली. कोट्यवधी ग्राहकांच्या कंपनीला हे दोन्ही फायदे आवडणारच. जोडीला 'आम्ही काळाच्या पुढे आहोत' ही जाहिरात फुकट.

आता हेच गणित आपल्याकडे मांडा. जानेवारी 2020 पासून यूपीआयने घेतलेल्या पैशांवर दुकानदाराला शुल्क नाही. रिचार्ज करताना एखादं अ‍ॅप आपल्याकडून एक-दोन रुपये प्लॅटफॉर्म फी कापतं आणि आपण चडफडतो, इतकंच. शून्य शुल्काच्या जागी एक टक्का घेणारा सराफ कोणती कंपनी बसवेल? अमेरिकेतलं कारण इथे लागूच पडत नाही. जिओ, एअरटेल, व्हीआय यांना कुणी क्रिप्टो घ्या म्हणून सुचवायला गेलं, तर त्यांचा हिशेबनीस पहिल्या पानावरच फाईल मिटेल.

'पण हे यूपीआयच्या पुढचं तंत्रज्ञान आहे ना?'

नवं आहे, खरं. पण बिल भरण्याच्या कामात पुढचं नाही.

बिटकॉइनच्या वहीत साधारण दर दहा मिनिटांनी एक पान भरतं आणि सेकंदाला सुमारे सात व्यवहार मावतात. महिन्याचे झाले पावणेदोन ते दोन कोटी. भारतात शंभर कोटींहून जास्त मोबाईल जोडण्या आहेत. प्रत्येकाने महिन्यातून एकच रिचार्ज थेट बिटकॉइनच्या वहीवर केलं, आणि तेवढ्या काळात जगातल्या दुसऱ्या कुणीही बिटकॉइनला हात लावला नाही, तरी एका महिन्याचं रिचार्ज संपायला साडेचार वर्षं लागतील. यूपीआयने ऑगस्ट 2025 या एका महिन्यात 2000 कोटी व्यवहारांचा आकडा ओलांडला. सेकंदाला सरासरी सात हजारांच्या वर.

जाणकार इथे थांबवतील आणि ते बरोबरच असतील. बिटकॉइनवर 'लाइटनिंग' नावाची जोडव्यवस्था आहे. तिच्यात छोटे व्यवहार मुख्य वहीबाहेर क्षणात आणि नगण्य शुल्कात होतात. सोलाना, ट्रॉन, पॉलिगॉन यांसारखी जाळीही खूप वेगवान आहेत. दक्षिण आफ्रिकेत पिक एन पे या किराणा साखळीत लाइटनिंगने मोबाईलचा टॉकटाइम घेता येतो. तेव्हा वेगाची अडचण सुटण्यासारखी आहे. दुसरी एक अडचण आहे जी वेगाने सुटत नाही.

यूपीआय ऑटोपेवर आपण एकदा मंजुरी देतो आणि दर महिन्याला पोस्टपेडचं बिल आपोआप कापलं जातं. क्रिप्टोच्या मूळ रचनेत पैसे ओढून घेण्याची सोय नाही. दर वेळी किल्ली लावून आपणच पाठवायचे. ज्याचं बिल महिनोन्‌महिने ठरलेल्या तारखेला येतं, अशा गोष्टीसाठी ही रचना मुळातच आडवी येते. विसरलात की फोन बंद.

आणि चुकीचा नंबर टाकला तर? यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं नाव दिसतं. क्रिप्टोचा पत्ता म्हणजे अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ. इथेरियमचा तर 42 अक्षरांचा. त्यात एकच नाणं अनेक जाळ्यांवर चालतं. पॉलिगॉनवरून पाठवलेलं नाणं समोरचा फक्त इथेरियमवर घेत असेल तर ते अधांतरी. कस्टमर केअरच्या मुलीने कितीही सहानुभूतीने ऐकलं तरी तिच्या हातात काही नसतं.

349 चं रिचार्ज आणि आयकराचं परिशिष्ट

आपल्याकडे खरी मेख इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

आधी कायदेशीर स्थिती. क्रिप्टो बाळगणं भारतात गुन्हा नाही. एप्रिल 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टोवाल्यांशी व्यवहार करू नका असं परिपत्रक काढलं होतं. ते सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 रोजी रद्द केलं. पण क्रिप्टो कायदेशीर चलनही नाही, म्हणजे ते कुणी स्वीकारलंच पाहिजे असा हक्क तुम्हाला नाही. सरकारने मधला मार्ग काढला तो करांचा. 2022 च्या अर्थसंकल्पात क्रिप्टोला 'आभासी डिजिटल मालमत्ता' म्हटलं गेलं आणि नफ्यावर सरसकट 30 टक्के कर लागला.

मालमत्ता या शब्दावर सगळं अडतं. रुपया देऊन रिचार्ज केलं तर तो खर्च. मालमत्ता देऊन रिचार्ज केलं तर ती मालमत्तेची विक्री. अंगठी सराफाला दिलीत तेव्हा ती विकलीत, पैसे तुमच्या हातात आले काय किंवा परस्पर खिडकीत गेले काय.

समजा पूर्वी 200 रुपयांना घेतलेली नाणी आज 349 रुपयांची झाली आणि ती देऊन रिचार्ज मारलं. नफा 149. त्यावर 30 टक्के म्हणजे 44 रुपये 70 पैसे, वर 4 टक्के सेस. झाले साधारण साडेशेहेचाळीस रुपये. नेटवर्कचं शुल्क नफ्यातून वजा करता येत नाही. दुसऱ्या एखाद्या नाण्यात तुमचे पाच हजार बुडाले असतील तर तेही वजा करता येत नाहीत.

न्यायाने सांगायचं तर हा कर नाणी नुसती विकली असती तरी लागलाच असता. रिचार्जमुळे तो जन्माला आला नाही. रिचार्जमुळे जन्माला येतो तो हिशेब. विवरणपत्रात या मालमत्तेसाठी वेगळं परिशिष्ट आहे आणि त्यात प्रत्येक व्यवहाराची ओळ भरायची असते. कधी घेतली, कधी दिली, किती पडली, किती मिळाली. दर महिन्याचं रिचार्ज क्रिप्टोने केलं की वर्षाच्या बारा ओळी. आई, बाबा आणि धाकट्याचंही तुम्हीच करत असाल तर अठ्ठेचाळीस. सीए या कामाचे किती घेईल याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

शिवाय टीडीएस. नाणी घेणाऱ्याने किमतीच्या 1 टक्का कर आधीच कापून सरकारजमा करायचा, हा नियम 1 जुलै 2022 पासून लागू आहे. कंपनीसारख्या खरेदीदाराला एका ग्राहकामागे वर्षाला 10,000 रुपयांपर्यंत सूट. महिन्याला हजार रुपयांचं पोस्टपेड असलेला माणूस अकराव्या महिन्यात ही हद्द ओलांडतो. म्हणजे कंपनीने किंवा तिच्या सराफाने प्रत्येक ग्राहकाचा पॅन मागायचा, रकमेची बेरीज ठेवायची, अकराव्या महिन्यात कर कापायचा आणि त्याचा दाखला द्यायचा. शिवाय मार्च 2023 पासून क्रिप्टो-रुपया बदलून देणारे सगळे मनी लाँडरिंग कायद्याखाली आले आहेत, त्यामुळे सराफाला अर्थमंत्रालयाच्या वित्तीय गुप्तचर विभागाकडे नोंदणी करावी लागते.

अमेरिकेतही चित्र फार वेगळं नाही. तिथल्या कर खात्याने 2014 मध्येच सांगून टाकलं की क्रिप्टो म्हणजे मालमत्ता. त्यामुळे एटी अँड टीचं बिल बिटकॉइनने भरणाऱ्यालाही नफ्या-तोट्याची ओळ लिहावी लागते. छोट्या खरेदीला यातून सूट द्यावी असा प्रस्ताव अमेरिकी काँग्रेसमध्ये अनेकदा मांडला गेला आणि मागे पडला. माझ्या मते बिलं क्रिप्टोने भरली जावीत असं खरोखर वाटणाऱ्यांनी मोबाईल कंपन्यांच्या मागे लागण्याऐवजी या सूटीच्या मागे लागावं. अडथळा खिडकीवर नाही, कायद्यात आहे.

'स्टेबलकॉइन वापरलं तर भाव हलत नाही'

हा आक्षेप सगळ्यात वजनदार. स्टेबलकॉइन म्हणजे एका डॉलरला कायम एक नाणं असं वचन देऊन काढलेलं क्रिप्टो. टेथर आणि यूएसडीसी ही त्यातली मोठी नावं. वचन पाळण्यासाठी काढणारी कंपनी तेवढेच डॉलर किंवा सरकारी रोखे बाजूला ठेवते. जुलै 2025 मध्ये अमेरिकेने यासाठी 'जीनियस' नावाचा कायदाच केला, ज्यात एकास एक तारण बंधनकारक आहे.

वचन नेहमी पाळलं गेलं असं नाही. तारणाऐवजी गणिती क्लृप्तीवर उभं असलेलं टेराचं नाणं मे 2022 मध्ये काही दिवसांत मातीमोल झालं. तारण असलेलं यूएसडीसीसुद्धा मार्च 2023 मध्ये 90 सेंटच्या खाली गेलं, कारण त्याचे तीनशे कोटींहून जास्त डॉलर बुडालेल्या सिलिकॉन व्हॅली बँकेत अडकले होते. ते दोन-तीन दिवसांत सावरलं. तरी चांगल्या नियमाखाली हे नाणं बिल भरायला बिटकॉइनपेक्षा कितीतरी बरं, हे मान्य करायला हवं. अमेरिकेतल्या मोबाईल कंपनीने उद्या थेट स्टेबलकॉइन घेतलं तर मला ते शहाणपणाचं वाटेल. सराफाची गरज जवळजवळ संपेल.

भारतात ते तसं होत नाही. इथे हे नाणं डॉलरशी बांधलेलं, बिल रुपयांत. डॉलरचा भाव हलला की नाण्याचा रुपयातला भाव हलणार. कायद्याच्या दृष्टीने तेही आभासी मालमत्ताच, म्हणून परिशिष्टाच्या ओळी चुकत नाहीत. आणि रुपयाला बांधलेलं डिजिटल नाणं हवंच असेल तर ते रिझर्व्ह बँकेने काढलेलं आहे. ई-रुपया 1 डिसेंबर 2022 पासून प्रायोगिक तत्त्वावर सामान्य लोकांसाठी सुरू झाला, पहिल्या चार शहरांत मुंबई होती. तो कायदेशीर चलन आहे आणि यूपीआयच्या क्यूआर कोडवर चालतो. फारसं कुणी वापरत नाही हा भाग वेगळा. पण ते का, तर यूपीआय आधीच खिशात आहे. तेच क्रिप्टोलाही लागू.

'निदान सरकारला, कंपनीला कळत तरी नाही'

उलट आहे. सिम कार्ड तुमच्या नावावर, आधार-पत्त्यासकट. ज्या क्षणी तुम्ही स्वतःच्या वॉलेटमधून स्वतःच्या नंबरचं बिल भरता, त्या क्षणी वॉलेटचा पत्ता आणि तुमचं नाव यांची गाठ पडते. वही सार्वजनिक आहे हे आठवा. त्या पत्त्यावर किती नाणी आहेत, कधी आली, कुठे गेली हे त्यानंतर पैसे घेणाऱ्याला जन्मभर बघता येतं. यूपीआयने रिचार्ज केल्यावर मोबाईल कंपनीला तुमची बँकेतली शिल्लक दिसत नाही. इथे दिसू शकते. दर वेळी नवा पत्ता वापरून हे काही प्रमाणात टाळता येतं, पण किती जण तेवढे कष्ट घेतील?

परदेशातून घरचा फोन

एक जागा अशी आहे जिथे मला या कल्पनेत दम वाटतो. मस्कतला किंवा रियाधला नोकरी करणाऱ्या माणसाला घरी थोडे पैसे पाठवायचे असतील, तर शुल्क अंगावर येतं. जागतिक बँकेच्या मोजणीत जगभरात पैसे पाठवण्याचा खर्च सरासरी सहा टक्क्यांच्या आसपास राहिला आहे, आणि रक्कम छोटी तर टक्का मोठा. दोन-चारशे रुपयांचं रिचार्ज ही तर अगदीच छोटी रक्कम. म्हणूनच बिटरिफिलसारख्या कंपन्या चालतात. तुम्ही त्यांना क्रिप्टो द्या, ते दुसऱ्या देशातल्या नंबरवर रिचार्ज टाकतात. इथे मोबाईल कंपनीला काही पत्ताच नसतो, सराफाने रस्त्यावर स्वतःचं दुकान टाकलंय. ज्या देशांत बँका नीट चालत नाहीत, चलन रोज घसरतं, तिथे अशा दुकानांचा लोकांना आधार आहे आणि त्याची टिंगल करू नये.

मराठी माणसापुरतं बोलायचं तर त्याच्याकडे त्याहून सोपा रस्ता आला आहे. जानेवारी 2023 मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने दहा देशांतल्या मोबाईल नंबरांना अनिवासी भारतीयांच्या एनआरई किंवा एनआरओ खात्याशी जोडून यूपीआय वापरायची परवानगी दिली. त्यात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, अमिराती, सौदी, ओमान आणि कतार आहेत. न्यू जर्सीतल्या मुलाला साताऱ्यातल्या आईचा फोन अमेरिकी नंबरवरूनच रिचार्ज करता येतो.

सक्ती केली तर?

तेही करून झालंय. एल साल्वाडोरने 7 सप्टेंबर 2021 पासून बिटकॉइनला कायदेशीर चलन केलं आणि व्यापाऱ्यांना ते घेणं बंधनकारक केलं. सरकारने लोकांना वॉलेटमध्ये 30 डॉलरचे बिटकॉइन फुकट दिले. बऱ्याच जणांनी ते तीस डॉलर काढले आणि वॉलेट विसरून गेले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जासाठी जानेवारी 2025 मध्ये कायदा बदलून सक्ती काढावी लागली.

आणि मोबाईल कंपनीचं क्रिप्टोशी खरं नातं

आतापर्यंतची चर्चा खिडकीची झाली. पण मोबाईल कंपनी क्रिप्टोच्या जगात फार आधीपासून आहे, आणि ती पहारेकरी म्हणून.

अमेरिकेतल्या एका क्रिप्टो गुंतवणूकदाराने ऑगस्ट 2018 मध्ये एटी अँड टीवर 22.4 कोटी डॉलरचा दावा लावला. त्याचं म्हणणं असं, की भामट्यांनी कंपनीच्या माणसाला हाताशी धरून त्याचा नंबर स्वतःच्या सिमवर वळवला, त्या नंबरवर आलेल्या कोडने खाती उघडली आणि सुमारे 2.4 कोटी डॉलरची नाणी उचलली. याला सिम स्वॅप म्हणतात. कंपनीने जबाबदारी नाकारली, खटल्याचे बरेचसे मुद्दे खालच्या न्यायालयात उडाले, पण 2024 मध्ये अपील न्यायालयाने त्यातला एक पुन्हा उभा केला. हा खटला चालू असतानाच, मे 2019 मध्ये, त्याच कंपनीने बिलासाठी क्रिप्टोची खिडकी उघडली होती!

क्रिप्टोत हे जास्त झोंबतं, कारण नाणी परत आणणारं कुणी नाही. मुंबईत सुरू झालेल्या वझीरएक्स या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या बाजारावर जुलै 2024 मध्ये सायबर हल्ला झाला, 23 कोटी डॉलरहून जास्तीची नाणी गेली आणि ग्राहकांचे पैसे वर्षाहून अधिक काळ अडकले. तिथे सिमचा संबंध नव्हता, पण गेलेली नाणी म्हणजे काय ते कळलं. पुण्याला तर गेनबिटकॉइन घोटाळ्याचा धडा आहेच. दरमहा 10 टक्के परताव्याचं आमिष, हजारो तक्रारदार, आणि पुढे तपासाला मदत करणाऱ्या दोन तज्ज्ञांनाच नाणी वळवल्याच्या आरोपाखाली 2022 मध्ये अटक.

अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने नोव्हेंबर 2023 मध्ये नियम केला की सिम बदलून देण्याआधी कंपनीने ग्राहकाची नीट खात्री करावी आणि त्याला कळवावं. आपल्याकडे दूरसंचार नियामक ट्रायने 1 जुलै 2024 पासून, सिम बदलल्यावर सात दिवस तो नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता येणार नाही, असं ठरवलं. दोन्ही चांगले. पण दुकानातल्या कर्मचाऱ्यालाच कुणी फितवलं तर काय, याला दोन्हींकडे पुरतं उत्तर नाही. सिम बदलाची विनंती आली की जुन्या फोनवर कॉल जावा आणि काही तास काहीच होऊ नये, एवढी साधी सोयसुद्धा सगळीकडे सारखी नाही. क्रिप्टोसाठी कंपन्यांनी एखादी गोष्ट करायचीच असेल तर ही करावी. रिचार्जची खिडकी नंतर उघडली तरी चालेल.

तोवर आपल्या हातात आहे ते असं. क्रिप्टो असो वा बँक, जिथे पर्याय असेल तिथे एसएमएसच्या कोडऐवजी फोनवरच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप लावा. सेटिंगमध्ये जाऊन सिमला पिन लावा. फोन चोरीला गेला तर निदान ते सिम दुसऱ्या हँडसेटमध्ये चालणार नाही. आणि भर वस्तीत, शेजाऱ्याचं नेटवर्क फुल्ल असताना, तुमच्या फोनवर अचानक 'नो सर्व्हिस' आलं तर टॉवरला दोष देत बसू नका. दुसऱ्याच्या फोनवरून लगेच कंपनीला फोन करून विचारा की माझ्या नंबरचं सिम आत्ता कुणी बदललं आहे का.